आधी बसवणे, मग रंगवणे: मित्रास पत्र

पुणे,
दि. ३ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. अप्पांच्या मारुती झेनचे पासिंग आणखी पाच वर्षांसाठी झाले आणि आता तिचा गंजलेला पुढचा भाग बदलायचे तू मनावर घेतलेस, हे वाचून फार आनंद झाला. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात ती गाडी इतकी वर्षे टिकली, यात अप्पांच्या निगराणीचा वाटा मोठा आहे. मूळ झेनचे उत्पादन २००६ साली थांबल्यामुळे तू बंपर, दोन्ही फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) आणि बॉनेट कंपनीचे न घेता बाजारातले घेतलेस, त्यातही वावगे काही नाही. परंतु हे सगळे भाग आधी रंगवून घ्यायचे आणि नंतर सवडीने गाडीवर बसवायचे, असा बेत तू लिहिला आहेस. तो तेवढा बदलावास म्हणून लगोलग हे पत्र लिहायला बसलो आहे.

माझ्या गाडीच्या वेळी मी नेमके हेच केले होते. नाना पेठेतून आणलेला डावा फेंडर आरशासारखा रंगवून घेतला आणि बसवायला गेलो, तेव्हा दाराशी त्याची फट खाली तीन मिलिमीटर आणि वर जवळपास आठ मिलिमीटर भरली. बोल्टचे एक भोक जागेवर येईना, म्हणून गोल कानशीने ते वाढवले. तेव्हा कडेचा रंग उडाला, आणि उघड्या पडलेल्या त्या पत्र्यावर दुसऱ्या पावसाळ्यात गंजाचे फोड आले. बॉनेट पहिल्यांदा मिटताना त्याची कड फेंडरला घासली ती वेगळीच. पेंटरने जीव ओतून केलेले काम माझ्या उतावीळपणामुळे दोन तासांत नासले, याची खंत मला अजून आहे.

म्हणून सगळे भाग आहेत तसे, काळ्या लेपासकट, आधी गाडीवर चढव. बॉनेट बिजागरीला लाव, पण बोल्ट पूर्ण आवळू नकोस. मग दाराची कड प्रमाण मानून फेंडर लाव, त्यानंतर हेडलाइट आणि सर्वांत शेवटी बंपर. हेडलाइट न बसवता बंपरचे माप घेतले तर ते हमखास चुकते, कारण बंपरची वरची कड दिव्याच्या खालच्या कडेशी जुळावी लागते. फट पाहायला चार मिलिमीटर जाडीची प्लायवुडची पट्टी पुरते. ती दाराच्या आणि बॉनेटच्या कडेने वरपासून खालपर्यंत सारखी सरकली पाहिजे. जिथे अडेल तिथे बोल्ट सैल करून फेंडर हलव, गरज पडल्यास बोल्टखाली पातळ वॉशर घाल, आणि तरीही जमले नाही तरच भोक वाढव. बॉनेटचे कुलूप मात्र वारंवार तपास. मुख्य कुलूप सुटले तरी आतली दुसरी कडी बॉनेट धरून ठेवते का, हे हाताने उचलून पाहा. घाटात उतारावर बॉनेट उघडून काचेवर आदळले तर समोरचे काहीच दिसणार नाही. हे सगळे जुळले की बिजागरीभोवती पेन्सिलीने खुणा कर, बोल्ट ज्या त्या भागाच्या नावाच्या पुड्यांत ठेव आणि मगच भाग उतरवून पेंटरकडे ने. कानशीने उघड्या पडलेल्या प्रत्येक जागेला इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा गंजरोधक अस्तराचा थर, लागला आहे, याची खात्री तू स्वतः कर.

बाजारच्या फेंडरवरचा तो काळा लेप प्रायमर असेलच असे नाही. कित्येकदा तो वाहतुकीत गंज चढू नये एवढ्यापुरताच असतो. आतल्या बाजूला थिनरने भिजवलेले फडके घासून पाहा. काळा रंग फडक्यावर उतरला तर तो सगळा लेप काढून थेट पत्र्यापासून सुरुवात करावी लागेल. बंपरची गोष्ट निराळी. तो पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा असेल तर त्यावर रंग मुळातच धरत नाही, शिवाय साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर राहिलेला असतो. भांड्यांच्या साबणाने आणि घासणीने तो दोनदा धू, पूर्ण वाळू दे आणि प्लास्टिकचा खास प्रायमर पातळ हाताने मारून घे. नाहीतर वर्षभरात रंगाचे पापुद्रे निघतात. बंपर फायबरचा असेल तर या प्रायमरची गरज नाही, पण सुईच्या टोकाएवढी छिद्रे शोधून पुट्टीने भरावी लागतात.

रंगाबद्दल तू विचारले आहेस. गाडीवरच्या ओळखपट्टीवर झेड२एस असेल, तर तो सिल्की सिल्व्हर. परंतु हा संकेत म्हणजे केवळ सुरुवात आहे. चंदेरी रंगातले अ‍ॅल्युमिनियमचे कण फवारणीच्या गनच्या दाबाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे वेगळे बसतात. ओला हात पडला तर छटा गडद होते, कोरडा पडला तर फिकी. त्यात अप्पांच्या गाडीचा जुना रंग उन्हाने उतरलेला आहे. तेव्हा पेंटरला आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर रंग आणि वर क्लिअर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, मारायला सांग, आणि तो तुकडा दाराशी धरून मोकळ्या उजेडात, समोरून आणि तिरक्या नजरेने पाहा. माझे मत असे की फेंडरपाशीच रंग थांबवू नये. पुढच्या दारावर तो थोडा विरवत न्यावा आणि क्लिअर मात्र संपूर्ण दारावर मारावा. खर्च वाढेल, पण फेंडर वेगळा उठून दिसणार नाही. पाऊस आता ओसरला आहे, तरी तुझ्याकडची हवा दमट असते. सकाळचे दव वाळल्यावरच गन हातात घ्यायला सांग.

एक गोष्ट मी आग्रहाने लिहितो. क्लिअर कडक व्हावा म्हणून त्यात जो हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट हे रसायन असते. त्याची वाफ आणि फवारा छातीत गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. आपल्याकडे बहुतेक पेंटर तोंडाला रुमाल बांधून हे काम करतात. रुमालाने काहीही अडत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा ज्याच्याकडे आहे, असाच पेंटर शोध, मग दोन हजार रुपये जास्त लागले तरी चालतील. आणि फवारणी चालू असताना तू किंवा मुलांनी तिथे उभे राहू नये.

बंपरच्या पुढे स्टीलच्या नळ्यांचा गार्ड बसवण्याचा विचार सोडून दे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला कळवले आहे, आणि पायी चालणाऱ्याला गाडीचा धक्का बसला तर त्या नळ्यांनी त्याला कितीतरी जास्त इजा होते. रंग मूळचाच ठेवतो आहेस हे चांगले. बदलला असतास तर आरटीओकडे आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागली असती.

मी येत्या दुसऱ्या शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतो. प्लायवुडची पट्टी, गोल कानस आणि वॉशर बरोबर आणतो. रविवारभरात आपण दोघे मिळून चारही भाग चढवून पाहू. तोवर पेंटरला फक्त सोमवारची वेळ सांगून ठेव आणि बंपर त्याच्याकडे पाठवू नकोस. अप्पांना माझा साष्टांग नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक