नांगर थांबला, खताचं काय?

महोदय,

संवर्धित शेतीवर हल्ली बरंच छापून येतं. नांगरू नका, काड जाळू नका, जमीन उघडी ठेवू नका, पिकांची फेरपालट करा. यातलं सगळं मी माझ्या रानात करते आणि ते सोडणार नाही. पण नांगर थांबला की खत देण्याची रीतही बदलावी लागते, हे त्या लेखांत क्वचितच असतं. मग सुरुवातीच्या हंगामात पीक पिवळं पडतं, शेतकरी म्हणतो, 'आपल्या जमिनीला हे मानवत नाही', आणि नांगर पुन्हा रानात उतरतो. हे पाहिलं की जीव तुटतो.

गव्हाच्या काडात एक भाग नत्रामागे (नायट्रोजन) साधारण ८० भाग कर्ब (कार्बन) असतो. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना त्यातलं नत्र पुरत नाही, म्हणून ते मातीतलं ओढून घेतात. पुढे ते मेले की नत्र परत मिळतं, पण तोवर कोवळं रोप उपाशी राहतं. त्यामुळे पहिली काही वर्षं पेरणीच्या वेळचा नत्राचा हप्ता थोडा वाढवावा लागतो. द्विदल पिकाच्या पाल्यात हेच प्रमाण २०-२५ च्या आसपास असतं. तो लवकर कुजतो आणि नत्र मोकळं करतो. जुनी माणसं बेवड, म्हणजे रानात आधी कोणतं पीक होतं ते, पाहून पुढचं पीक ठरवत, ते उगीच नव्हे.

युरिया काडाच्या आच्छादनावर फेकून देणं मात्र थांबवायलाच हवं. काडीकचऱ्यात युरियाचं विघटन करणारं विकर भरपूर असतं. वरच्या वर पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. तो मातीआड, बियाण्याच्या बाजूला आणि थोडा खाली पडला पाहिजे. बियाण्याला चिकटला तर उगवण मार खाते. म्हणून बी आणि खत वेगवेगळ्या नळ्यांतून सोडणारं पेरणी यंत्र हवं. माझ्या मते या शेतीत सगळ्यात आधी पैसे खर्च करावेत ते यावर.

स्फुरद (फॉस्फरस) जागचं फारसं हलत नाही. मशागत नसली की ते वरच्या थरात साठत जातं आणि वरचा थर सुकला की मुळांना मिळत नाही. अमोनियायुक्त खतांनी आम्लताही आधी वरच्याच थरात वाढते. १५ सेंटीमीटरपर्यंतची माती एकत्र मिसळून तपासली तर यातलं काहीच अहवालात दिसत नाही. नमुना दोन थरांत घ्यायला हवा: वरचे ५ सेंटीमीटर वेगळे, खालचे १० वेगळे. प्रयोगशाळांनी शेतकऱ्याला हे आपणहून सांगावं.

आपल्या कृषी पुरवणीला विनंती आहे की बिनानांगरणीच्या प्रत्येक लेखासोबत त्या पिकाचं खताचं वेळापत्रकही छापावं: पेरणीला किती, नंतर किती आणि किती खोल.

आपली,
एक शेतकरी वाचक