लॉग पाठवण्याचे टोकन किरकोळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पासवर्ड, ओटीपी आणि बँक खात्यांची सुरक्षितता यांवर वृत्तपत्रांतून वारंवार लिहिले जाते आणि ते आवश्यकही आहे. मात्र एखाद्या यंत्रणेत घुसखोरी झाल्यावर ज्या नोंदींच्या आधारे तपास करायचा, त्या नोंदी गोळा करणाऱ्या व्यवस्थेत शिरण्याचा परवाना कोणाला आणि कसा दिला जातो, याची चर्चा क्वचितच होते. सर्व्हर, अ‍ॅप आणि नेटवर्कमधील उपकरणे आपले लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, एपीआयमार्फत (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या मार्गाने) एका मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठवतात आणि प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये (माथ्यावरील माहितीत) एक टोकन, म्हणजे परवान्याची गुप्त अक्षरमाला, जोडतात. टोकन ग्राह्य असेल तर नोंद स्वीकारली जाते, नसेल तर परत फिरवली जाते. असे टोकन काढणे म्हणजे सेवेचे नियंत्रण-पान (कन्सोल) उघडून दोन-चार बटणे दाबणे, हा समज आमच्या व्यवसायात इतका रुजला आहे की हे काम बहुधा सर्वांत नवख्या सहकाऱ्याच्या गळ्यात पडते. या समजाला हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या टोकनांपैकी बहुतेक ‘बेअरर’ प्रकारची असतात किंवा तशीच वागतात. ऑक्टोबर २०१२ च्या आरएफसी ६७५० या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात त्यांचे स्वरूप स्पष्ट केलेले आहे : टोकन ज्याच्या हाती असेल त्याला ते वापरता येते, आपली वेगळी ओळख पटवावी लागत नाही. यावर ठरलेले उत्तर असे, की हे टोकन फक्त लिहिण्यापुरते आहे. त्याने कोणाला काही वाचता येत नाही, तेव्हा ते फुटले तरी बिघडत नाही. टपालपेटीत पत्र टाकता येते पण आतले काढता येत नाही, तसे हे टोकन असावे हे खरेच आहे. परंतु ज्याच्या हाती ते पडेल तो आपल्याच सेवेच्या नावाने खोट्या नोंदी घुसवू शकतो आणि खऱ्या नोंदी त्या गर्दीत अशा गाडू शकतो की तपास करणाऱ्याचे दिवसच्या दिवस वाया जावेत. अनेक सेवांचे बिल डेटाच्या आकारमानावर ठरते, त्यामुळे नुसता कचरा ओतूनही मालकाला भुर्दंड बसवता येतो. मर्यादा ओलांडली गेली की ‘४२९’ (फार विनंत्या झाल्या) हे उत्तर खऱ्या नोंदींनाही मिळू लागते.

शिवाय ‘फक्त लिहिण्यापुरते’ ही गोष्ट आपोआप होत नाही, टोकन काढतानाच ती ठरवावी लागते. डायनाट्रेस या देखरेखीच्या सेवेमध्ये लॉग पाठवण्याची परवानगी स्वतंत्रपणे निवडता येते; स्प्लंक या लॉग साठवण्याच्या यंत्रणेच्या एचटीटीपी इव्हेंट कलेक्टरमध्ये टोकनला कोणत्या इंडेक्समध्ये (साठवणीच्या कप्प्यात) लिहिता येईल हे बांधून देता येते. प्रत्यक्षात ‘४०३’ (परवानगी नाही) दिसला की घाईत सगळ्या चौकटींवर खूण केली जाते, काम चालू होते आणि विषय तिथेच संपतो. मग वाचण्याचे, प्रसंगी सेटिंग बदलण्याचेही अधिकार असलेले टोकन प्रत्येक यंत्रावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये साध्या अक्षरांत पडून राहते.

तितकीच वाईट सवय म्हणजे एकच टोकन सगळीकडे वापरण्याची. ते फुटल्याची शंका आली तरी रद्द करायला कोणी धजावत नाही, कारण रद्द करताच सर्व स्रोत एकदम मुके होतील. प्रत्येक सेवेला आणि प्रत्येक वातावरणाला (चाचणी, प्रत्यक्ष वापर) वेगळे टोकन द्यावे आणि नावावरूनच ते कोणाचे हे कळावे. ‘टेस्ट-२’ किंवा ‘नवीन टोकन’ असल्या नावांवरून वर्षभराने काहीही उमगत नाही. ‘पेमेंट-प्रॉडक्शन-एजंट’ म्हटले की रद्द करताना हात थरथरत नाही.

काही सेवा टोकन एकदाच दाखवतात. त्या क्षणी ते गुपिते ठेवण्याच्या यंत्रणेत जाण्याऐवजी चॅटमध्ये चिकटवले जाते किंवा कोडमध्ये लिहिले जाते; पुढच्या कमिटमध्ये (कोडच्या नोंदवलेल्या बदलात) पुसले तरी गिट या कोडचे बदल जपणाऱ्या साधनाच्या इतिहासात ते शाबूत असते. यूआरएलमध्ये टोकन घालण्याचा प्रकार तर टाळलाच पाहिजे, कारण यूआरएल वाटेतल्या प्रॉक्सी (मध्यस्थ) सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटते आणि लॉगचे टोकन लॉगमध्येच वाचायला मिळते.

मुदतीचा मुद्दा थोडा सविस्तर मांडतो. टोकनची मुदत छोटी ठेवावी हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य आहे, पण सरसकट नाही. लॉगिनचे टोकन संपले की वापरकर्ता लगेच तक्रार करतो. लॉग पाठवण्याचे टोकन संपले तर संकेतस्थळ चालू राहते, ग्राहक समाधानी असतात आणि कोणाची तक्रार येत नाही. ओपनटेलिमेट्री या खुल्या प्रकल्पाच्या, नोंदी पाठवण्यासाठीच्या ओटीएलपी प्रोटोकॉलमध्ये, एचटीटीपीवरून डेटा पाठवताना, ४२९, ५०२, ५०३ आणि ५०४ या तात्पुरत्या अडचणीच्या उत्तरांनंतरच पुन्हा प्रयत्न करायचा असतो. ‘४०१’ (टोकन अग्राह्य) आल्यास तीच विनंती पुन्हा पाठवायची नसते. म्हणजे त्या नोंदी रांगेत थांबत नाहीत, कायमच्या जातात. इकडे डॅशबोर्डवर त्रुटींची संख्या शून्य दिसते आणि पाहणारा सुखावतो. म्हणून एखाद्या स्रोताकडून ठरावीक वेळात एकही नोंद आली नाही तर इशारा मिळेल, अशी सोय आधी करावी आणि मगच मुदत आखूड करावी. ही सोय नसलेल्या ठिकाणी तीस दिवसांची मुदत मला सुरक्षिततेपेक्षा धोक्याचीच अधिक वाटते. टोकन बदलताना नवे आणि जुने काही काळ एकत्र चालू ठेवावे, जुन्याचा वापर थांबल्याची खातरजमा करावी आणि त्यानंतर जुने रद्द करावे.

राहिला प्रश्न नव्या टोकनच्या चाचणीचा. एक नमुना नोंद पाठवून ‘सक्सेस’ असे उत्तर आले की बहुतेकजण थांबतात. पण त्या उत्तराचा अर्थ नोंद दारात स्वीकारली गेली एवढाच असतो. ती साठवली गेली की नाही, हे शोध घेतल्याशिवाय कळत नाही. तेव्हा नोंद योग्य जागी सापडते का ते पाहावे आणि नंतर त्याच टोकनने लॉग वाचण्याची विनंती मुद्दाम करून बघावी. ती नाकारली गेली, तरच ते टोकन संबंधित सेवेच्या हवाली करावे.

कळावे,
आपला नम्र,
सर्व्हर व्यवस्थापन करणारा एक वाचक