मत्स्यखाद्य : टक्केवारीपेक्षा पचन पाहा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

पेंड आणि कोंडा वापरून माशांचे खाद्य घरीच करा, हा सल्ला योग्य आहे. पण तो देताना प्रथिनांची टक्केवारी सांगून थांबतात, आणि नुकसान तिथूनच सुरू होते. माशाच्या अंगी पचेल तेवढेच लागते.

कोंड्याचेच पाहा. भात सडून कोंडा वेगळा झाला की त्यातले विकर (एन्झाइम) तेल फोडू लागते आणि काही दिवसांत कोंडा खवट होतो. असे खाद्य सतत दिल्यास जीवनसत्त्व ई नष्ट होते, कार्प माशांच्या (रोहू, कटला वगैरे) पाठीचे स्नायू खंगतात. म्हणून ताज्या कोंड्याला लगेच वाफ देऊन तो सुकवावा, नाहीतर तेल काढलेला कोंडा घ्यावा.

शेंगदाणा पेंडीत खरी भीती बुरशीची. ओलावा 10 टक्क्यांच्या आत हवा. बुरशी लागलेली पेंड उन्हात टाकली, भाजली, तरी बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, जात नाही. ती फेकूनच द्यावी, कितीही जिवावर आले तरी! सोयाबीनचे उलट आहे. त्यातला, प्रथिनांचे पचन अडवणारा ट्रिप्सिनरोधक उष्णतेने जातो, मात्र करपेपर्यंत भाजल्यास लायसिन हे आवश्यक अमिनो आम्लही (प्रथिनांचा घटक) जाते. फायटेट (बियांत स्फुरद साठवणारा पदार्थ) तसेच उरते आणि स्फुरद (फॉस्फरस) अडकवून ठेवते. कार्पला जठरच नसल्याने आम्लाची मदत मिळत नाही, म्हणून मोनोकॅल्शियम फॉस्फेट वरून घालावे लागते. सरकी पेंडीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लायसिनला बांधते, त्यामुळे ती थोडीच वापरावी.

वाढत्या कार्पसाठी 100 किलोंचे एक मिश्रण असे: कोंडा 45, शेंगदाणा पेंड 25, सोयाबीन पेंड 25, शिजवलेले मक्याचे पीठ (कोरडे वजन) 3, खनिज-जीवनसत्त्व मिश्रण व फॉस्फेट मिळून 2. यात प्रथिने साधारण 28 टक्के बसतात. एकट्या शेंगदाणा पेंडीत लायसिन आणि मेथिओनिन ही दोन्ही अमिनो आम्ले कमी. सोयाबीनमुळे निदान लायसिनची उणीव भरून निघते.

भुकटी पाण्यावर उधळली तर बरीचशी विरघळून जाते. मळून गोळे करावेत, तबकात ठेवून तबक पाण्यात सोडावे. माशांच्या एकूण वजनाच्या 2 ते 3 टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि दोन तासांनी तबक वर काढून पाहावे. उरले असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेत असतील, तर त्या दिवशी खाद्य अजिबात टाकू नये, कारण सडणारे खाद्य उरलासुरला प्राणवायूही ओढून घेते.

आपला नम्र,
मत्स्यखाद्याचा एक अभ्यासक