खात्यांचे क्रमांक आधी बदला, मग सर्व्हर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएस या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती ६ चे अपडेट ३० नोव्हेंबर २०२० रोजी थांबले, ७ चे ३० जून २०२४ रोजी. आता सुट्टीत महाविद्यालयांचे उरलेसुरले जुने सर्व्हर थेट रॉकी किंवा अल्मालिनक्स या तिच्या जागी आलेल्या प्रणालींवर नेताना बॅकअप, पासवर्ड, डिस्क सगळे पाहिले जाते. यूआयडीकडे, म्हणजे प्रत्येक खात्याच्या क्रमांकाकडे, कोणी बघत नाही.

६ पर्यंत माणसांची खाती ५०० पासून सुरू होत. ७ पासून ती १००० पासून होतात आणि त्याखालचे आकडे सेवांचे, म्हणजे पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या खात्यांचे. डिस्कवर फाइलच्या मालकाचे नाव नसते, नुसता आकडा असतो. जुनी होम डिरेक्टरी (वापरकर्त्याच्या फाइलींचा फोल्डर) नव्या यंत्राला जोडली की ९९८ क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे प्रोजेक्ट भलत्याच सेवेच्या नावावर दिसते. खाती एलडॅपवर, म्हणजे खात्यांची सामाईक यादी ठेवणाऱ्या सर्व्हरवर, असतील तर लॉगिनच अडते, कारण १००० खालच्यांसाठी लॉगिन तपासणारी पॅम यंत्रणा तिकडे विचारायलाच जात नाही. मग पासवर्ड बदलत बसायचे!

लॉगिन-डेफ्स या सेटिंगच्या फाइलमध्ये यूआयडी-मिन (माणसांच्या खात्यांचा सुरुवातीचा क्रमांक) पुन्हा ५०० करणे ही पळवाट आहे. नव्या सेवा ९९९ पासून खाली क्रमांक घेतात, म्हणजे टक्कर आज ना उद्या ठरलेलीच.

जुन्याच यंत्रावर, सगळ्यांना लॉगआउट करून, ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणारा क्रॉन थांबवून प्रत्येक क्रमांकात १०,००० मिळवावेत : ५०० चा १०५००. नुसते ५०० मिळवले आणि खाती पाचशेहून जास्त असली, तर ५०० चा १००० होतो आणि १००० ची पाळी आली की त्याच फाइली पुन्हा सरकतात.

खात्याचा क्रमांक बदलणारी यूजरमॉड ही आज्ञा होम डिरेक्टरीतल्या फाइलींचा आणि मेलबॉक्सचा मालक बदलते, बाकी बाहेरच्यांचा नाही. ग्रुपचा क्रमांक बदलणारी ग्रुपमॉड तर एकाही फाइलला हात लावत नाही. म्हणून डिस्कच्या प्रत्येक पार्टिशनवर फाइंड या आज्ञेने जुना आकडा शोधून मालक बदलणारी चाऊन आज्ञा चालवावी, तेही ‘एच’ पर्यायासह. तो विसरला आणि एखाद्याने घरात पासवर्ड फाइलची सिम्बॉलिक लिंक (मूळ फाइलकडे नेणारा शॉर्टकट) करून ठेवली असेल, तर लिंक राहते बाजूला आणि मूळ पासवर्ड फाइलच त्याच्या मालकीची होते. चाऊनमुळे सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅम मालकाच्या अधिकाराने चालवण्याची खूण) उडतात. त्यांची यादी आधी काढावी. एसीएलमधले (फाइलीवरच्या जादा परवानग्यांच्या यादीतले) आकडे मात्र जसेच्या तसे राहतात, ते वेगळे बदलावे लागतात.

शेवटी ५०० ते ९९९ मधली एकही फाइल विद्यार्थ्याची उरली नाही ना, हे पुन्हा फाइंडने पाहावे. जुन्या-नव्या क्रमांकांची यादी कागदावर छापून ठेवावी, कारण जुन्या टेपवर जुनेच आकडे असतात.

आपला,
एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर