पात्र एक, परवानेदार अनेक

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इंदूरच्या खेळण्यांच्या दुकानांत परदेशी चित्रपटांतल्या एकाच नायकाच्या ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलवता येणाऱ्या छोट्या आकृत्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या नावाने मिळतात आणि त्यांतली अस्सल कोणती, असा प्रश्न पालकांना पडतो. अस्सल एकाहून अधिक असू शकतात, कारण पात्राचा मालक त्याच्या वस्तू काढण्याचा हक्क, म्हणजेच परवाना, सहसा एकगठ्ठा देत नाही. वस्तू कोणती, तिचे माप किती, विक्री कोणत्या देशांत आणि मुदत किती, असे त्याचे वाटे पडतात.

बॅटमॅन आदी डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाच्या पात्रांचे मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीकडे असलेले हक्क २०२० मध्ये दोन कंपन्यांत विभागले गेले. मुलांसाठीच्या ४ व १२ इंची आकृत्या स्पिन मास्टरकडे गेल्या, तर संग्राहकांसाठीच्या ७ इंची मॅकफार्लेन टॉइजकडे. ‘स्टार वॉर्स’च्या आकृत्या हॅस्ब्रो काढते, मात्र त्याच पात्रांचे जोडणीचे संच १९९९ पासून लेगोचे आहेत. मुदत संपली की परवाना हातचा जातो. डिस्नेच्या राजकन्यांच्या बाहुल्या २०१६ मध्ये मॅटेलकडून हॅस्ब्रोकडे गेल्या आणि २०२३ मध्ये पुन्हा मॅटेलकडे आल्या.

आपल्या इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या खास वस्तूला मिळणारी कायदेशीर ओळख) आहे आणि तो हक्क कायद्याने कोणाला विकता वा परवान्यावर देता येत नाही. पडद्यावरच्या पात्राचे तसे नाही, म्हणूनच येथील लहान उत्पादकांची मला काळजी वाटते. इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने भरून खेळणी घडवण्याचा, साचा करून घेण्यातच त्यांचे बरेचसे भांडवल अडकते आणि ‘परवाना आमच्याकडे आहे’ एवढ्या मध्यस्थाच्या तोंडी शब्दावर तो साचा बनवून घेतला, तर पुढे कळते की त्याच्याकडचा परवाना केवळ दप्तरांचा किंवा टी-शर्टांचा होता. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार परवाना लेखी हवा. त्यात प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षांची मानली जाते. म्हणून साच्याची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मूळ करारातील वस्तूंची यादी, माप आणि मुदत संपल्यावर उरलेला माल विकण्याची सवलत ही कलमे स्वतः वाचावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ग्राहकांनीही आकृतीच्या तळपायावर किंवा पाठीवर कोरलेला बारीक मजकूर पाहावा. तेथे बहुधा पात्राच्या मालकाचे आणि उत्पादकाचे अशी दोन नावे असतात. २०२१ पासून खेळण्यांवर सक्तीचे झालेले आयएसआय चिन्ह सुरक्षिततेची खूण आहे. त्यावरून परवाना असल्याचे सिद्ध होत नाही, हे दुकानदारांनी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवे.

भारतात विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक खेळण्याच्या खोक्यावर पात्राचा मालक, भारतासाठीचा परवानेदार आणि परवान्यात बसणारी वस्तू यांची नावे ठळक छापण्याची सक्ती केंद्र सरकारने करावी आणि आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी.

आपला,
एक वाचक, इंदूर