२ ऑक्टोबरची ग्रामसभा: निधीचा हिशोब आणि पुढचा आराखडा

गावकरी मंडळींना नमस्कार.

२ ऑक्टोबरला सकाळी १० वाजता ग्रामपंचायतीसमोर ग्रामसभा आहे. महिला सभा आदल्या दिवशी दुपारी ३ वाजता, अंगणवाडीत.

विषय दोन. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून गावाला आलेल्या पैशाचा हिशोब, अन् पुढच्या वर्षीचा विकास आराखडा. या आयोगाच्या निधीत (२०२१-२२ ते २०२५-२६) ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाने गरजेप्रमाणे काम सुचवायचं होतं; पगार त्यातून होत नव्हता. मागे रस्त्याला गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसले, नाली मात्र तशीच तुंबून राहिली. तेव्हा सभेला आपण किती जण होतो, हेही आठवा.

– कोरमला (सभेची किमान हजेरी) १५ टक्के मतदार किंवा १०० जण लागतात, जे कमी असेल ते. कोरम नसला की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. मग मोजकेच लोक ठरवतात.
– मागणी लेखी द्या, पोच घ्या.
– ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

सोयाबीनची सोंगणी सुरू आहे, माहीत आहे राजेहो. घरटी एक जण तरी याच.