सुमे, आधी मोड शिकव

पाचपाखाडी, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

फोनवर तू विचारलंस, "नातवाला नाणी कळत नाहीत, काय करू?" मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला, म्हणून रागावलीस ना? अगं, पोळ्या टाकता टाकता सांगण्याइतकं ते सोपं नाही. आज निवांत बसलेय, तर सगळं लिहूनच काढते.

आधी सुनेचं बोलू. "पुढे सगळं फोनवरच होणार, नाणी शिकवून काय करायचंय," असं ती म्हणते. तिच्याशी भांडू नकोस. तिचं अर्धं खरं आहे. आमच्या जांभळी नाक्यावर कोथिंबिरीची जुडी घेतली तरी मावशी क्यूआरचा पुठ्ठा पुढे करतात आणि त्या डबीतून बाई बोलते, अमुक रुपये मिळाले. पण छोटूला उद्या बाजारात पाठवायचंय म्हणून आपण नाणी शिकवत नाही. एका वस्तूत पाच दडलेले असतात, हे त्याला हाताने कळायला हवं. पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे. फोनवर पैसे दिले की हातातून काही जात नाही, आणि पोराला कमी झालेलं काही दिसतही नाही.

माझ्याकडे दोन तऱ्हेची मुलं शिकायला येतात. सकाळी पालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीची. आईबाप भाजी, फुलं, इस्त्री, रिक्षा असल्या कामातले. संध्याकाळी घोडबंदर रोडला एका टॉवरमधली मुलं. शाळेतली एक मुलगी आईजवळ मंडईत बसते. सत्तावीसची भाजी झाली आणि गिऱ्हाइकाने पन्नासची नोट दिली, तर ती वजाबाकी करतच नाही. "सत्तावीस," म्हणत तीन रुपये हातावर ठेवते, "तीस," मग वीस ठेवते, "पन्नास." झाला हिशोब. हीच मुलगी वहीत ५० वजा २७ मांडलं की शून्यातून सात कसे काढायचे म्हणून पेन्सिल चावत बसते. टॉवरमधली मुलं उलटी. दशक सुटा करून, म्हणजे एका दहाचे दहा सुटे करून, उभी वजाबाकी पटकन करतात, पण मी दहाचं नाणं काढलं तेव्हा एकाने विचारलं, "टीचर, हे देवाचं आहे का?" त्याने नाणी पाहिली होती ती पूजेच्या ताटात सुपारीशेजारी, आणि आहेराच्या पाकिटाला चिकटवलेला रुपया. बस. मला हसू आलं, पण त्याचं काय चुकलं?

तर छोटूकडे येते. पहिलं म्हणजे ती प्लास्टिकची खेळण्यातली नाणी आणलीयस ना, ती ठेवून दे. सगळी एका जाडीची, एका वजनाची. आणि झेरॉक्सवरची नाण्यांची चित्रं तर त्याहून वाईट. काळ्या-पांढऱ्या कागदावर पाचचा पिवळा रंग कुठून दिसणार? खरी नाणी घे. साबणाच्या पाण्यात दोघं मिळून धुवा, त्यालाही मजा येईल. फक्त धाकटी रांगत असेल तिथे पसरू नकोस. हाती लागेल ते ती तोंडात घालते, तूच सांगितलंस.

धुतलेला ढीग चटईवर ओत आणि काही शिकवू नकोस. "एकसारखी एकत्र ठेव," एवढंच सांग. तो आकाराप्रमाणे लावणार, मोठं ते जास्तीचं, असं धरून. इथे नाण्यांनी मुलांची चांगलीच गोची केलेली आहे. २०११ च्या मालिकेतलं दोनचं नाणं २५ मिलिमीटरचं आणि पाचचं २३ चं. म्हणजे दोन मोठे, पाच लहान! २०१९ च्या मालिकेत हे सरळ केलं: दोन २३, पाच २५, दहा २७. पण जुनी काही बाजारातून गेली नाहीत, दोन्ही एकाच गल्ल्यात पडलेली असतात. त्यामुळे छोटूने जुनं दोनचं पाचच्या वर ठेवलं तर त्याला "चूक" म्हणू नकोस. त्याने डोळ्याला दिसलं ते केलं.

मी रंगावरून सुरुवात करते. एक आणि दोन पांढरी, पाच पिवळं, दहाची कड पिवळी आणि मध्ये पांढरं, वीसचं नेमकं उलट: कड पांढरी, मध्ये पिवळं. शिवाय वीसला बारा बाजू आहेत. डोळे मिटून पिशवीत हात घालायचा आणि वीस शोधून काढायचं, हा खेळ मुलं कंटाळेपर्यंत खेळतात. (मुलं नव्हे, मी कंटाळेपर्यंत.) तुझ्याकडे जुनं जाडजूड पांढरं पाचही असेल, नऊ ग्रॅमचं. ते आधी बाजूला काढून ठेव, पिवळं पाच पक्कं झाल्यावर दाखव.

फ्रीजवरचं लोहचुंबक काढून त्याच्या हातात दे. एक आणि दोनची स्टीलची नाणी चिकटतात, पिवळं पाच आणि दहा चिकटत नाहीत. एखादं पाच चिकटलंच तर त्यावरचं साल बघ, २००७ किंवा २००८ असेल. तेव्हा पाचचंही नाणं स्टीलचं निघालं होतं.

साल वाचताना मात्र सावध राहा. तो मराठी शाळेत जातो, त्याला १, २, ५ हे आपले अंक येतात, आणि नाण्यावर असतात इंग्रजी. इंग्रजी नऊ (9) तर हुबेहूब आपल्या १ सारखा दिसतो. २०१९ चं नाणं माझ्या वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी "दोन हजार अकरा" वाचतंच. त्याने तसं वाचलं तर नजर कच्ची म्हणून काळजी करू नकोस. दोन्ही अंक शेजारी लिहून दाखव, म्हणजे झालं.

आता खरी अडचण. ओळख आठवड्याभरात होते, मोजणी होत नाही. तीन नाणी ठेवली, पाच, दोन आणि एक, आणि विचारलं किती, तर पोरगं म्हणतं "तीन". ते नाणी मोजतं, रुपये नाही. दोनची दोन नाणी एका हातावर, पाचचं एक दुसऱ्या हातावर, कुठलं घेशील? दोन नाणी घेणार. आपण म्हणतो, "अरे, पाच जास्त ना!" ते मान डोलावतं आणि पुढच्या वेळी परत दोन नाणीच उचलतं.

शाळेत आम्ही दशक शिकवताना दहा काड्यांचा गठ्ठा बांधतो. गठ्ठा सोडला की दहा काड्या दिसतात. नाण्याची गाठ सुटत नाही, सुमे. पाचचं नाणं फोडून आत पाच रुपये दाखवता येत नाहीत, ते फक्त बदलून घेता येतं. म्हणून आधी मोड, मग मोजणी. मी बँक-बँक खेळते. एक मूल बँक. बाकीच्यांनी फासा टाकायचा, पडेल तेवढे रुपये एक-एकच्या नाण्यांत घ्यायचे. पाच सुटे जमले की बँकेत जाऊन पाचचं नाणं आणायलाच हवं, नाहीतर पुढची पाळी नाही. दोन पाच झाले की दहा. हे चांगलं मुरलं की उलटा खेळ: प्रत्येकाकडे दहाचं एक नाणं, आणि फाशावर पडतील तेवढे द्यायचे. तीन पडले. आता? दहातून तीन कसे काढणार? बँकेत जा, मोड आण. जे मूल इथे "मोड द्या" म्हणायला शिकलं, त्याला पुढे दुसरीत दशक सुटा करणं वेगळं शिकवावं लागत नाही. मंडईतल्या त्या मुलीला मी वहीतली वजाबाकी अशीच शिकवतेय. बाजारात ती रोज मोड देते, वहीतही तेच चाललंय हे तिला अजून पुरतं दिसलेलं नाही, पण येतंय.

खेळताना घाई करू नकोस. सुरुवातीला पाचच्या नाण्याखाली पाच चिंचोके मांडू दे, दोनच्या खाली दोन. काही दिवसांनी तो स्वतःच चिंचोके मांडायचा कंटाळा करील. तो कंटाळा आला की समज, जमलं.

मग मिश्र नाणी. मोठ्यापासून सुरू करायचं: दहा, मग पाच, मग दोन, मग एक. दहा, पंधरा, वीस इथपर्यंत गाडी छान जाते आणि दोनचं नाणं आलं की पोरगं त्याच वेगात "पंचवीस" म्हणून मोकळं. पाढ्याच्या तालात वाहून जातं बिचारं. मी प्रत्येक गटामध्ये एक आडवी काडी ठेवते. काडी आली की थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढचं नाणं हातात घेऊन त्याचं नाव घ्यायचं, मगच पुढे मोजायचं: वीस... दोनचं आहे... बावीस, चोवीस... एकचं आहे... पंचवीस. महिनाभर काडी ठेव, मग काढ.

दुकान-दुकान तर तू खेळशीलच. रिकामे पुडे, काडेपेटी, साबणाचं खोकं मांड. पण किमती दहा-वीस अशा गोल ठेवू नकोस, सात, तेरा, अठरा ठेव, म्हणजे सुट्ट्याची गरज पडते. आणि सुटे नाहीत म्हणून रुपयाऐवजी चॉकलेट हातावर ठेवणारा दुकानदार तूच हो. माझ्या वर्गात यावर जोरदार भांडण झालं होतं. एकाने चॉकलेट घेतलं, दुसऱ्याने विचारलं, "मग उद्या मी रुपयाऐवजी चॉकलेट दिलं तर घ्याल का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तुझ्याकडे असलं तर कळव.

दहाचं एखादं नाणं दुकानदार "खोटं आहे" म्हणून परत करतो, असं तुझ्याकडे होतं का गं? रुपयाचं चिन्ह असलेलं-नसलेलं, रेघा कमी-जास्त, असे त्याचे बरेच नमुने आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून तेव्हाचे १४ ही नमुने चालतात असं सांगितलं होतं. पन्नास पैसेही कायद्याने अजून चालतात, पण ते कुणी घेत नाही हे तुला माहीतच आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून बंद झाली.

त्यावरून आठवलं, तुझ्या आईच्या पितळी डब्यात जुनी नाणी होती, ती आहेत का अजून? असतील तर ती छोटूला नक्की दे. चौकोनी पाच पैसे, कंगोऱ्यांचे दहा, सहा बाजूंचे वीस. आपल्या लहानपणी आकारच वेगळे होते, त्यामुळे अंधारातही बोटाला कळायचं. खरं सांगू, मला ती नाणी आजच्यापेक्षा शहाणी वाटतात. आण्याचं नाणं सापडलं तर त्याला सोळा आण्यांचा रुपया सांग. १९५७ च्या १ एप्रिलला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याआधी चौसष्ट पैसे होते. हे ऐकून माझ्या वर्गातली मुलं म्हणाली, "बाई, आधी रुपया छोटा होता का?" घे, सांग आता!

आणि एक शोधायचा खेळ, भिंग असलं तर. नाण्यावर सालाच्या खाली बारीक खूण असते. पत्त्यातल्या चौकटीसारखी असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ फोर्टात आहे, रिझर्व्ह बँकेसमोर. माझी पोरं घरून आईबापांची नाणी उसनी आणून चौकट शोधतात आणि एकमेकांत अदलाबदल करतात. एक रुपयाच्या चौकटीसाठी एकाने दोनचा तारा दिला. आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली होती.

दिवाळीच्या सुट्टीत छोटूला घेऊन ये. जांभळी नाक्यावर त्याच्या हातात नाणी देऊन लिंबं आणायला लावू, मी मागे उभी राहीन, तू बोलायचं नाहीस. तू मध्ये बोलशील हे मला माहीत आहे, म्हणून तुला आधीच तलावपाळीवर बसवून येईन. येताना आगळ आण, मागच्या वेळचं संपलं. आणि सुनेला सांग, फोनवरून पैसे कसे पाठवतात ते मलाही अजून नीट येत नाही, तिने मला शिकवायचंय.

तुझी,
नंदा

ता. क. फासा नसेल तर खडूच्या डबीवर ठिपके काढून चालतं, पण बाजू नीट सारख्या नसल्या तर एकच आकडा सारखा पडतो आणि मुलं लगेच ओळखतात.